पंडिता रमाबाईंची झुंज

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्यावे, असे आपल्या चिटणीसबाईंनी सुचवले तेव्हा माझ्या मनात पहिले नाव आले ते पंडिता रमाबाईंचे. नाव सर्वांच्या परिचयाचे आहे. शाळेच्या पुस्तकातून ते आपण वाचले आहे. १९८९ साली टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीटही काढले. विधवांच्या कैवारी, स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या म्हणून व्याख्यानांतून त्यांचा गौरव होतो. परंतु त्यांच्या आयुष्याचा जो गाभा, म्हणजे त्यांची ख्रिस्तावरील श्रद्धा आणि त्या श्रद्धेसाठी त्यांनी जवळजवळ चाळीस वर्षे दिलेली झुंज, त्याविषयी आपण सहसा बोलत नाही. पाहुण्यांच्या घरात एखादी खोली बंद असावी आणि तिच्यावरून सर्वांनी मुकाट्याने पुढे जावे, तसे काहीसे होते. आज ती खोली उघडावी असे मला वाटते. आपल्या मंडळात देवळात जाणाऱ्या भगिनी आहेत, तशा रविवारी चर्चमध्ये जाणाऱ्याही आहेत. या चरित्रातून दोघींनाही घेण्यासारखे पुष्कळ आहे.

ख्रिस्ती धर्मग्रंथात पौलाने इफिस शहरच्या मंडळीला लिहिलेले एक पत्र आहे. त्यात त्याने श्रद्धावंताला सैनिकाची उपमा दिली आहे. कमरपट्टा, उरस्त्राण, ढाल, शिरस्त्राण, तलवार अशी सगळी सामग्री त्याने मोजून सांगितली आहे. मात्र ती सारी सत्य, नीती, विश्वास अशा गोष्टींची आहे, लोखंडाची नाही. त्या उपदेशात एक खोच आहे. हे युद्ध माणसांशी नाही, असे पौल बजावतो. अंतरीचे हे युद्ध आपल्या संतांनाही परके नव्हते. तुकोबांचे अभंग ज्यांच्या कानांवरून गेले आहेत त्यांना ते निराळे सांगायला नको. रमाबाईंचे आयुष्य मी या दृष्टीने वाचू लागले, तेव्हा त्यातील अनेक कोडी मला उलगडली. त्या कोणापुढे वाकल्या नाहीत हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्या नेमक्या कशाशी लढत होत्या, हे पाहिल्याशिवाय त्यांचे न वाकणे कळत नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. पेशव्यांच्या वाड्यात एका स्त्रीला संस्कृत शिकताना त्यांनी तरुणपणी पाहिले आणि आपणही पत्नीला शिकवायचे असा निश्चय केला. लोकांना तो मानवला नाही, घरच्यांनाही मानवला नाही, तेव्हा ते पत्नीला घेऊन रानात जाऊन राहिले. त्या लक्ष्मीबाईंनीच पुढे धाकट्या रमेला पहाटेच्या वेळी मांडीवर घेऊन संस्कृताचे धडे दिले. समाजाला नको असलेली गोष्ट मनाला पटली म्हणून करायची आणि तिची किंमत मुकाट्याने मोजायची, हे बाळकडू रमाबाईंना असे घरातच मिळाले.

रमाबाई लहान असतानाच कुटुंबाने घर सोडले आणि तीर्थयात्रा आरंभली. देवळात किंवा नदीच्या घाटावर पुराण सांगावे, मिळेल त्या दक्षिणेवर निर्वाह करावा, उरलेले दानधर्मात घालावे आणि पुढच्या क्षेत्राची वाट धरावी, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. भागवतासारखा ग्रंथ रमाबाईंना तोंडपाठ झाला तो याच पायपिटीत. मग मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. साठवण संपली, दागिने, भांडीकुंडी गेली, पुराणिकाला कोणी विचारीना. रानातील पाने आणि फळे खाऊन दिवस काढण्याची पाळी आली. १८७४ साली वडील गेले. त्यानंतर थोड्याच काळाने आई गेली. आईची तिरडी उचलायला माणसे मिळेनात. दोघा ब्राह्मणांना दया आली, तिसरा खांदा भाऊ श्रीनिवास याने दिला आणि चौथा रमाबाईंनी. त्या ठेंगण्या होत्या. खांदा पुरेना म्हणून आपल्या बाजूचा भार त्यांनी डोक्यावर घेतला आणि सोळा वर्षांची ती मुलगी स्मशानापर्यंत चालत गेली. पुढे थोरली बहीणही गेली. हा प्रसंग वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण रमाबाईंच्या आयुष्यात तो पुन्हा एकदा डोके वर काढणार आहे.

उरलेली भावंडे हजारो मैल पायी हिंडली. उत्तरेच्या थंडीत अंगावर पुरेसे वस्त्र नाही म्हणून नदीकाठी खड्डा खणून त्यात निजावे आणि वर कोरडी वाळू ओढून घ्यावी, असेही दिवस त्यांनी काढले. व्रते, उपवास, तीर्थस्नाने, सर्व काही शास्त्राप्रमाणे झाले होते. एवढे करूनही देव भेटला नाही, ही रुखरुख रमाबाईंच्या मनात तेव्हापासून घर करून राहिली. १८७८ साली ती दोघे कलकत्त्यास पोचली. तेथील पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. केशवचंद्र सेन यांनी तिच्या हाती वेदग्रंथ दिला. शास्त्रे जसजशी अधिक वाचावीत तसतशी स्त्रियांविषयी आणि शूद्रांविषयी त्यांत काय म्हटले आहे ते त्यांना बोचू लागले. जुनी श्रद्धा सैल होत होती आणि नवी अजून मिळाली नव्हती.

१८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात निराळी, प्रांत निराळा, भाषा निराळी. संसार आसामातील सिल्चर येथे थाटला गेला. तेथे घरातल्या पुस्तकांत त्यांना लूककृत शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत सापडली. ती त्यांनी वाचली, एका बाप्टिस्ट मिशनऱ्याकडून अर्थ समजून घेतला आणि हा धर्म आपल्याला आवडतो असे पतीला सांगितले. पतीला ते रुचले नाही. ही चर्चा पुरती होण्यापूर्वीच ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीने बिपिनबाबूंचा अंत झाला. पदरात दहा महिन्यांची मनोरमा. वयाच्या तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या.

त्यानंतर त्या पुण्यास आल्या. १८८२ सालीच त्यांनी आर्य महिला समाज स्थापला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले आणि हंटर आयोगापुढे साक्ष देताना मुलींसाठी शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर हव्यात असे आग्रहाने मांडले. पुस्तकाच्या पैशातून त्यांनी इंग्लंडचा प्रवास केला. वैद्यकी शिकावी असा विचार होता, पण कान अधू होत चालल्यामुळे तो बेत सोडावा लागला.

इंग्लंडात वाँटेज या गावी सेंट मेरीच्या भगिनीसंघाच्या घरी त्या उतरल्या. सोबत आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण होती. परक्या देशात, परक्या धर्माच्या छायेत तिचे मन फाटले आणि तिने तेथेच आपले जीवन संपवले. रमाबाईंवर हा घाव केवढा बसला असेल! एवढे झाल्यावर एखादी पहिल्या बोटीने परत फिरली असती. त्यांनी तसे केले नाही. त्या भगिनी पतित स्त्रियांसाठी लंडनमध्ये जे काम करीत ते त्यांनी पाहिले होते. आपल्याकडे जिला दारात उभी करीत नाहीत, तिला येथे जवळ घेऊन तिचे आयुष्य सावरतात, ही करुणा यांच्या अंगी कोठून आली, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. त्याचे उत्तर त्यांना ख्रिस्ताच्या चरित्रात मिळाले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी आणि मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

येथे पुष्कळांचा समज असा होतो की, रमाबाई इंग्रजांच्या हाती गेल्या. वस्तुस्थिती अगदी उलट आहे. ख्रिस्ती झाल्यावर त्यांचा पहिला मोठा झगडा झाला तो ख्रिस्ती धर्मगुरूंशीच. सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. त्या प्रेमळ होत्या, परंतु शिष्येने चर्चचा प्रत्येक सिद्धांत शंका न काढता स्वीकारावा, अशी त्यांची अपेक्षा होती. रमाबाईंनी ख्रिस्त स्वीकारला होता, पण जे बुद्धीला आणि विवेकाला पटले नाही ते केवळ अधिकाऱ्यांनी सांगितले म्हणून मानण्यास त्या तयार नव्हत्या. त्रैक्याचा सिद्धांत त्यांना तेव्हा पटत नव्हता, तर तसे त्यांनी स्पष्ट कळवले. एका पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले आहे, आता दुसऱ्याचे घेणार नाही, हा त्यांचा रोख होता. क्रुसावर लॅटिन शब्द असावेत असे सुचवले गेले, तेव्हा त्यांनी संस्कृतचा आग्रह धरला. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकत होत्या आणि संस्कृत शिकवीत होत्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, यात हिंदुस्थानातील बिशपांनी मोडता घातला, तेव्हा त्यांनाही त्यांनी आपला स्वाभिमान दाखवून दिला. मनोरमेच्या धर्मशिक्षणावरूनही पत्रे झडली. त्यांनी मांसाहार केला नाही, साडी सोडली नाही. ही सर्व पत्रे पुढे १९७७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. ती वाचताना मला सर्वांत मोलाची वाटली ती एक गोष्ट. एवढे वाद झाले, तरी दोघींनी एकमेकींना लिहिणे थांबवले नाही. कित्येक घरांत भाजीत मीठ अधिक पडल्यावरून बोलणे बंद होते. येथे धर्माच्या मुळावर मतभेद होता आणि तरीही पत्राच्या शेवटी माया शिल्लक राहिली.

१८८६ साली आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्या पदवीदानास रमाबाई इंग्लंडहून गेल्या आणि अमेरिकेत जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. १८८७ साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्यातील टीका येथे अनेकांना झोंबली. घरचे उणे परक्यांच्या ओटीवर सांगितले, असे तेव्हाच्या लोकांना वाटले असल्यास नवल नाही. परंतु त्याच पुस्तकाने गावोगावच्या अमेरिकन स्त्रिया हलल्या, बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन निघाली आणि दहा वर्षे मदत देण्याचे तिने कबूल केले. अट एकच होती, शाळेत धर्मप्रसार होऊ नये.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले आणि पुढील वर्षी ते पुण्यास आले. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांसारखे थोर लोक सल्लागार मंडळात होते. उच्चवर्णीय बालविधवांनी आपापला आचार पाळून तेथे राहावे, शिकावे, पायांवर उभे राहावे, अशी व्यवस्था होती. तेथे प्रवेश घेणारी पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई. ११ मार्च १८९३ रोजी त्यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई कर्वे म्हणून प्रसिद्ध झाल्या. त्या शेवटपर्यंत हिंदूच राहिल्या, हेही येथे नमूद करणे न्यायाचे होईल.

बाहेर कीर्ती वाढत असताना रमाबाईंच्या अंतरंगात मात्र काही निराळेच चालले होते. बाप्तिस्मा घेऊन आठ वर्षे झाली होती. ग्रंथ वाचले होते, वाद जिंकले होते, संस्था काढली होती. तरीही त्यांना जाणवले की, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त अजून मिळाला नाही. बालपणीची ती देव न भेटल्याची रुखरुख नव्या धर्मातही पाठ सोडीत नव्हती. हा काळ साधारण १८९१चा. आपली विद्वत्ता, आपला निग्रह, आपले सत्कृत्य यांच्या बळावर देव मिळवता येत नाही, तो केवळ शरण जाणाऱ्याला कृपेने मिळतो, हे त्यांना तेव्हा उमगले आणि मन निवाले. आयुष्यभर स्वतःच्या पायांवर चाललेल्या बाईला शरण जाणे किती जड गेले असेल, याचा विचार करावा. माझ्या मते त्यांच्या सर्व लढायांत ही सर्वांत कठीण होती. येथे समोर शास्त्री नव्हते, बिशप नव्हते. समोर होता तो स्वतःचाच अभिमान. ही लढाई त्या हरल्या आणि त्या हरण्यातूनच पुढच्या तीस वर्षांचे बळ त्यांना मिळाले.

तो आनंद लपवणे त्यांना शक्य नव्हते. सकाळी आपल्या खोलीत त्या मनोरमेला जवळ घेऊन प्रार्थना करीत. दार उघडे असे. काही मुली येऊन बसू लागल्या. त्यांनी बोलावले नाही आणि घालवूनही दिले नाही. पुण्यात वादळ उठले. केसरीने कठोर टीका केली. १८९३ साली सल्लागार मंडळाने राजीनामे दिले, पालकांनी सुमारे पंचवीस मुली काढून नेल्या. माझे आजोळ सदाशिव पेठेतले. या गोष्टीला साठसत्तर वर्षे लोटल्यावरही रमाबाईंचे नाव निघाले की, माझी आजी विषय बदलून पापडांच्या पिठाकडे वळत असे. एवढी ती जखम खोल होती.

या प्रकरणी न्याय कोणाकडे होता? मला दोन्ही बाजू सांगितल्या पाहिजेत असे वाटते. ज्या आईबापांनी धर्माला धक्का लागणार नाही या भरवशावर लेकी सोपवल्या, त्यांचा विश्वास दुखावला, हे खोटे नाही. रानड्यांसारखा सज्जन मनुष्य उगाच दूर होणार नाही. दुसऱ्या बाजूने रमाबाईंचे म्हणणे असे की, हिंदू गृहिणी आपल्या घरी देवपूजा करते तेव्हा ती दार लावून घेत नाही, मग मी का लावावे? मुलींना त्यांच्या देवाची पूजा करण्याची मोकळीक होती, तशीच आपल्यालाही हवी. सल्लागारांना खूश ठेवण्यासाठी त्यांनी नुसती दाराला कडी घातली असती, तर संस्था शाबूत राहिली असती. तेवढी एक कडी त्यांना घालवेना. याला कोणी हट्ट म्हणेल, कोणी निष्ठा म्हणेल. मला असे दिसते की, त्या कडीसाठी त्यांनी मान, मित्र आणि मुली गमावण्याची तयारी ठेवली आणि गमावल्यावर कोणावर सूड घेण्यात एक दिवसही घालवला नाही. उरलेल्या मुलींचा वर्ग दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे भरवायचा, एवढेच त्यांना ठाऊक होते. या वादातून एक चांगली गोष्टही निघाली. विधवांसाठी हिंदू समाजाने स्वतःचा आश्रम काढला पाहिजे, ही निकड लोकांना पटली आणि १८९६ साली कर्व्यांनी तो काढला.

त्याच वर्षी मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. वर्तमानपत्रातील हकिगती वाचताच रमाबाईंना आपली आई, ती तिरडी आणि डोक्यावरचा तो भार आठवला असला पाहिजे. कारण त्या थांबल्या नाहीत. हातात पुरेसे पैसे नव्हते, कान जवळजवळ गेले होते. तशा स्थितीत त्या दुष्काळी मुलखात गेल्या आणि उपाशी मुली व विधवा घेऊन आल्या. उपासमारीने सांगाडे झालेल्या, उवांनी भरलेल्या, अन्नावर झडप घालणाऱ्या, कोणाचाच विश्वास न वाटणाऱ्या त्या मुली होत्या. कित्येकींचा फायदा घेण्यासाठी दुष्ट माणसे टपलेलीच होती. थोड्या महिन्यांत तीनशेच्या सुमारास मुली गोळा झाल्या. पुण्यात त्यांना ठेवणे अशक्य होते, कारण १८९७ साली तेथे प्लेग आला. पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव स्टेशन लागते. तेथे रमाबाईंनी पूर्वीच सुमारे शंभर एकर जमीन घेऊन ठेवली होती. त्या माळावर प्रथम तात्पुरते निवारे उभे राहिले. तेच मुक्ती सदन. २४ सप्टेंबर १८९८ रोजी त्याच्या इमारतीचे समर्पण झाले.

प्लेगाच्या त्याच धामधुमीत आणखी एक गोष्ट घडली. सरकारी प्लेग रुग्णालयात आणि छावणीत स्त्रियांची कशी आबाळ होते, याविषयी रमाबाईंनी मुंबईच्या वर्तमानपत्रात उघडपणे लिहिले. गव्हर्नरसाहेबांनी आरोप नाकारले, पण रमाबाईंनी शब्द मागे घेतला नाही. राज्यकर्ते आपल्याच धर्माचे आहेत, म्हणून गप्प बसावे असा विचार त्यांना शिवला नाही. चार वर्षांपूर्वी ज्या पुण्याने त्यांना वाळीत टाकल्यासारखे केले होते, त्याच पुण्यातील बायकांसाठी त्या सरकारशी भांडल्या. लढाई माणसांशी नाही, हे पौलाचे बजावणे मला येथे आचरणात उतरलेले दिसते. १८९३ साली ज्यांनी दुखावले त्यांच्याविषयी अढी धरली असती, तर १८९७ साली हे लिहिणे त्यांच्या हातून झालेच नसते.

१९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला आणि मुक्तीतील वस्ती दोन हजारांच्या जवळ गेली. आपल्याकडे हळदीकुंकवाला दोनशे बायका यायच्या म्हटले तरी आपली किती तारांबळ उडते! येथे दोन हजारांचे रोजचे जेवण, कपडा, आजारपण, शिक्षण होते आणि ठरलेले उत्पन्न नव्हते. देणग्या येत, कधी कमी येत. रमाबाई प्रार्थना करीत आणि कामाला लागत. शेती, विहिरी, गोठा, विणकाम, तेलघाणा, शिवण, छापखाना अशी कामे मुलीच चालवीत. अंध मुलींना मनोरमेने ब्रेल लिपी शिकवली. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले. वाँटेजच्या भगिनींमध्ये जी करुणा पाहून रमाबाईंचे मन वळले होते, तिला केडगावच्या माळावर असे घर मिळाले. तेथे जातीची पंगत नव्हती. राहणी साधी, देशी होती. रमाबाई स्वतः जाडीभरडी पांढरी साडी नेसत. मुक्ती ही मात्र उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. शारदा सदनासारखे वचन येथे कोणाला दिलेले नव्हते, त्यामुळे संदिग्धताही नव्हती.

१९०५ साली मुक्तीत प्रार्थनेची मोठी लाट आली. शेकडो मुली एकत्र बसून मोठमोठ्याने प्रार्थना करीत, रडत, आपली पापे कबूल करीत. बाहेरच्या काही ख्रिस्ती मंडळींनाही हा प्रकार चमत्कारिक वाटला. रमाबाईंनी त्याला आडकाठी केली नाही. ज्या मुलींच्या आयुष्यात आजवर कोणी त्यांचे दुःख ऐकून घेतले नव्हते, त्यांनी देवापुढे मोठ्याने रडावे यात वावगे काय, असे मला वाटते. उत्साहाच्या त्या दिवसांतही स्वयंपाक, शेत आणि वर्ग सुरूच होते, हे विशेष.

आयुष्याच्या अखेरच्या पर्वात त्यांनी जे काम हाती घेतले ते त्यांच्या विद्वत्तेला शोभणारे होते. त्या काळचे मराठी बायबल संस्कृतप्रचुर होते. दुष्काळातून आलेल्या, नुकत्याच अक्षर ओळखू लागलेल्या मुलींना ते कळत नसे. तेव्हा पन्नाशीच्या आसपास रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि मूळ ग्रंथावरून संपूर्ण बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करण्यास प्रारंभ केला. संस्कृतात ज्यांनी कलकत्त्याच्या पंडितांना थक्क केले, त्या बाई आता एखाद्या खेडवळ मुलीला समजेल असा शब्द शोधीत बसत. भाषांतर त्यांचे, जुळारी मुली, छापणाऱ्या मुली, पाने दुमडून शिवणाऱ्याही मुलीच. जवळजवळ सतरा-अठरा वर्षे हे काम चालले.

१९१९ साली सरकारने त्यांना कैसर-ई-हिंद पदक दिले. त्यापुढे दोनच वर्षांनी, २४ जुलै १९२१ रोजी, मनोरमा गेली. दहा महिन्यांची असताना जिला घेऊन त्या पुण्याच्या वाटेला लागल्या होत्या, जी आईचे कान झाली होती, जिच्या हाती मुक्तीचा भार सोपवायचा होता, ती चाळिसाव्या वर्षी निघून गेली. आईबाप, बहीण, भाऊ, पती आणि आता एकुलती एक लेक. मी हा भाग वाचते तेव्हा प्रत्येक वेळी पुस्तक मिटून थोडा वेळ बसते. ज्याच्या भरवशावर एवढे सारे केले त्यानेच असे का करावे, हा प्रश्न त्यांच्याही मनात आला नसेल असे म्हणवत नाही. श्रद्धेची खरी कसोटी शत्रूच्या दगडापेक्षा अशा वेळी लागते. रमाबाईंनी तेव्हा काय केले ते आपल्याला ठाऊक आहे: त्यांनी बायबलची मुद्रिते पुढे तपासायला घेतली. प्रकृती ढासळत होती. मुद्रिते संपेपर्यंत आयुष्य मिळावे एवढेच त्यांनी मागितले, असे सांगतात. काम पुरे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी शांतपणे देह ठेवला. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. मुक्ती मिशनचे कार्य केडगावला आजही चालू आहे.

भगिनींनो, ठाम उभे राहणे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कपाळाला आठ्या घातलेले, आवाज चढवलेले कोणी तरी उभे राहते. रमाबाईंच्या चरित्रात मला निराळे रूप दिसले. वाँटेजच्या भगिनींशी वाद झाला, पण पत्र थांबले नाही. पुण्याने दूर लोटले, पण पुण्याच्या बायकांसाठी त्यांची लेखणी उचललीच गेली. देवाने लेक नेली, पण देवासाठी हाती घेतलेले काम सुटले नाही. त्यांची ढाल होती विश्वासाची, आणि तिच्या आड त्यांनी स्वतःपेक्षा दुसऱ्यांनाच अधिक घेतले. त्यांचा धर्म आपल्यातील प्रत्येकीचा नाही आणि तो तसा असावा असे सांगण्यासाठी मी हे लिहिलेले नाही. मात्र आपण जे मानतो ते खरोखर मानत असू, तर ते आपल्या रोजच्या वागण्यात दिसते का, आणि त्याच्यासाठी काही गमवावे लागले तर मन कडू न होता आपण ते गमवू का, हे दोन प्रश्न देवळात जाणारीला आणि चर्चमध्ये जाणारीला सारखेच लागू आहेत.

जमल्यास मंडळाच्या पुढील सहलीसाठी केडगावचा विचार व्हावा, अशी माझी कार्यकारिणीला विनंती आहे. तेथे जाताना प्रत्येकीने सोबत पसाभर धान्य न्यावे. रमाबाईंच्या स्मरणाला फुलांपेक्षा तेच अधिक शोभेल.